मनापासून चेष्टा

मनोहर गोठोस्करांची आणि माझी पहिली भेट झाली त्या संध्याकाळी भवानीपुरातले सगळे कावळे बांगलादेशात निघून गेले. अतिशयोक्ती करायची मला खोड आहे असं आमच्या घरात मानतात, पण त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला हजर असलेल्या कुणालाही विचारा. माइकची व्यवस्था गोठोस्करांकडे होती आणि माइकमागचा अँप्लिफायर त्यांनी स्वतः जुळवलेला होता. आरती सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक बटण किंचित उजवीकडे फिरवलं. त्यानंतर जो आवाज आला त्याला मराठीत शब्द नाही, आणि बंगालीत असलाच तर तो सभ्य नसणार. हुगळीतल्या एका बोटीने घाईघाईने नांगर टाकला. फोर्ट विल्यममध्ये पहाऱ्यावरच्या जवानांनी पोझिशन घेतली. मंडळाच्या अध्यक्षांची कवळी त्यांना सोडून शेजारच्या बाईंच्या खिरापतीच्या वाटीत जाऊन बसली, आणि गणपतीच्या उजव्या पायाशी ठेवलेला उंदीर नंतर डाव्या पायाशी सापडला. सगळं शांत झाल्यावर टेबलाखालून एक गृहस्थ बाहेर आले. उंच, हडकुळे, एक भुवई भाजलेली, हातात स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर नुकतंच पुत्ररत्न झाल्याचं समाधान.

"ऐकलंत ना?" ते मला म्हणाले. "वरचे सूर कसे खुलले."

मला त्या क्षणी काहीच ऐकू येत नव्हतं. ओठांवरून ताडलं. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि फार आपुलकीने विचारलं, "पाणी खाणार?"

मी तेव्हा पुण्याहून बदली होऊन नुकताच आलो होतो. कलकत्त्यात पाणी खातात, चहा खातात आणि सिगारेटही खातात, हे मला ठाऊक नव्हतं. बंगालीत एकाच क्रियापदावर सगळ्यांचं भागतं. पण गोठोस्कर बंगाली बोलत नव्हते. ते मराठी बोलत होते, आणि आपण जगातली सर्वात शुद्ध मराठी बोलतो अशी त्यांची खात्री होती.

त्यांचे आजोबा नागपूरहून रेल्वेच्या कारकुनीवर इकडे आले आणि परत गेले नाहीत. त्यांनी घरात एक कायदा केला होता, तो तिसऱ्या पिढीपर्यंत चालू होता. उंबऱ्याच्या आत बंगाली किंवा हिंदी शब्द जो उच्चारेल त्याने त्या दिवसाची भांडी घासायची. गोठोस्करांचं बालपण राखेत हात घालण्यात गेलं होतं, पण त्याचा त्यांना अभिमान होता. बंगाली शब्द दारावरूनच परत जात. जे शब्द कासोटा घालून, मराठीसारखं तोंड करून आत शिरले, त्यांना मात्र कुणी अडवलं नाही. मी पाणी खात गेलो. इतकं गोड पाणी मला पुण्यात कुणी पाजलं नव्हतं.

गोठोस्कर चहाच्या एका कंपनीत होते. कंपनी बुडाली तेव्हा ते पंचावन्नचे होते, आणि त्यानंतर त्यांना कुणी नोकरी दिली नाही. घर चालत होतं ते त्यांच्या मुलीवर, शकुनवर. शकुन न्यू टाउनमधल्या एका कॉल सेंटरमध्ये मराठी विभागात होती. विमा कंपनीचे महाराष्ट्रातले ग्राहक फोन करत, आणि तिकडे विट्याला किंवा बार्शीला बसलेल्या माणसाशी इकडे न्यू टाउनच्या काचेच्या इमारतीतून शकुन बोले. मराठी विभाग म्हणजे एकूण दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक बहुतेक वेळा रिकामी. पण गोठोस्कर ते असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीला भाषा खात्याचं मंत्रिपद मिळालंय.

"आजोबांच्या कायद्याचं फळ आहे हे, पुणेकर," ते मला म्हणत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "बंगालमध्ये बसून मराठीवर पोट भरतं माझ्या मुलीचं."

उरलेला वेळ ते हेडफोनच्या अँप्लिफायरला देत. मंडळाच्या त्या प्रसंगानंतर वहिनींनी, म्हणजे अलकावहिनींनी, घरातल्या स्पीकरवर बंदी आणली होती. "ऐकायचं ते तुमच्या कानात ऐका, आमच्या नको," असा तो निकाल. मग गोठोस्करांनी कुरियरने एक किट मागवलं. पत्त्याच्या कॅटाएवढी हिरवी पट्टी, पुडीत सुटे भाग, आणि कुणालाच न समजणारी सूचनापत्रिका. ते त्यांनी जोडलं, बिस्किटाच्या डब्यात बसवलं आणि ते पहिल्या फटक्यात चांगलं वाजलं. हीच चूक झाली. चांगलं वाजणारं यंत्र गोठोस्करांना बघवत नसे. आपण लेकराला न्हाऊमाखू घालतो, तसे ते त्या डब्याचे भाग बदलत. आज रेझिस्टर, उद्या कपॅसिटर. दर बदलानंतर डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "खुलतंय." वहिनी म्हणत, "डबा सोडून सगळं बदललंत. आता बिस्किटंच ठेवा त्यात."

मी त्यांची भरपूर थट्टा करी. ते कधी रागावले नाहीत. तेव्हा मला वाटे, किती मोठं मन आहे.

एका गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला. "भावजी, जरा येऊन जा. शकुनला घरी बसवलंय."

मी गेलो तेव्हा शकुन पलंगाच्या कडेवर बसली होती, ऑफिसचे कपडे आणि गळ्यात ओळखपत्र. सकाळी तिला वरच्यांनी बोलावून सांगितलं होतं की एका ग्राहकाची तक्रार आली आहे. चौकशी संपेपर्यंत तिने फोन घ्यायचे नाहीत. सोमवारी लेखी उत्तर द्यायचं. तक्रार विमा कंपनीने इंग्रजीत करून पाठवली होती, एका ओळीत. बाईंचा नवरा वारला होता, आणि फोनवरच्या मुलीने त्यांच्या दुःखाची टिंगल केली.

"मी?" शकुन म्हणाली. "काका, मला त्या काकू आठवतात. विट्याच्या. आशाबाई म्हणून. त्या रडायला लागल्या तेव्हा माझ्यापण डोळ्यांत पाणी आलं. मी कशाला टिंगल करू?"

ते मला खरं वाटलं. शकुन ही अशी मुलगी आहे की डास मारल्यावर सॉरी म्हणते.

"रेकॉर्डिंग आहे ना?" मी विचारलं.

"आहे. मला मेलवर पाठवलंय, उत्तर लिहायला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यात काहीच नाहीये."

"आहे," गोठोस्कर म्हणाले. ते कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. "शेवटी आहे. फोन ठेवायच्या आधी कुणीतरी हसलंय. खी, असं. बारीक. शकुन नव्हे. शेजारच्या टेबलावरचं कुणी असणार. तेवढं सिद्ध झालं की सुटली पोर."

"बघू, मला ऐकवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवघरात चपला घालून शिरलो. "आत्ता? या अवस्थेत?" त्यांनी डब्यावर हात ठेवला. "अडॉप्टर गुणगुणतोय, आवाज कमीजास्त करायचा पॉट खरखरतोय. यात तुम्हाला काय कळणार?"

"मग फोनवरच लावा की."

"फोनच्या स्पीकरवर?" गोठोस्करांनी डोळे मिटून घेतले. "पुणेकर, माझ्या मुलीचा प्रश्न आहे. गटारातून गंगा ऐकवू नका मला. आधी हे नीट करतो. मग तुम्ही ऐका, आणि तुम्हीच साक्षीदार म्हणून लिहून द्या. तुम्ही अस्सल पुण्याचे, तुमच्या शब्दाला वजन आहे."

आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या दिवशी त्या मुलीच्या हातातून फोन हिसकावून मी ऐकायला हवं होतं. पण बुडणाऱ्याने काडी धरली असेल तर ती काडी आहे हे सांगायला जीभ उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते सुटे भाग आणायला चांदनीच्या बाजारात गेले. एरवी त्या गल्ल्यांत गोठोस्कर सासुरवाडीला आल्यासारखे फिरत. प्रत्येक दुकानात चहा खात, प्रत्येक कपॅसिटर उजेडात धरत. त्या दिवशी ते धावत होते. एका दुकानात त्यांनी व्हॉल्यूमचा नवा पॉट घेतला, दुसऱ्यात कपॅसिटर. तिसऱ्यात चिप मागितली. ही चिप म्हणजे त्या अँप्लिफायरचं काळीज. आठ पायांचा काळा किडा, खोबणीतून उपटून दुसरा बसवता येतो. दुकानदाराने पुडीतून काढून दिली. गोठोस्करांनी तिच्यावर अंगठा घासला आणि छापलेलं नाव अंगठ्यावर आलं.

"हे नकली आहे, दादा," ते बंगालीत म्हणाले.

"नाव नकली आहे," दुकानदार शांतपणे म्हणाला. "पाय अस्सल आहेत. आठच्या आठ मोजून घ्या."

गोठोस्कर एरवी यावर अर्धा तास भांडले असते आणि मी तो तमाशा चवीने पाहिला असता. ते भांडले नाहीत. "खरी द्या हो," ते म्हणाले. "मुलीसाठी पाहिजे." दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, आत गेला आणि दुसऱ्या डबीतून चिप घेऊन आला. मी तिकडेच उभा राहून उगाच एका वायरच्या गुंडाळीचं निरीक्षण करत राहिलो.

शनिवारभर सोल्डरिंग चाललं. घरात राळेचा वास, गोठोस्करांच्या कपाळावर घाम, शकुन कोऱ्या कागदापुढे. ती एक ओळ लिही आणि खोडी. काय केलं हेच माहीत नसलेल्या माणसाने माफी मागायची कशी? वहिनींनी देवापुढे दिवा लावला होता आणि त्या दर थोड्या वेळाने विचारत, "झालं का हो?"

"झालंय. पण अजून ऐकायचं नाही."

"का?"

"कपॅसिटर नवे आहेत. पिकायला हवेत. काही तास नुसतं गाणं लावून ठेवायचं, मग त्यांचा खरा आवाज येतो."

"मग आढीत घाला," वहिनी म्हणाल्या. "गवत आणून देऊ का? पोरीची नोकरी चालली आणि तुम्ही आंबे पिकवताय."

डब्याला फोन जोडून गोठोस्करांनी कुठल्याशा वाद्यवृंदाची रेकॉर्ड लावली, हेडफोन टेबलावर उपडा ठेवला आणि त्याच्यापाशी बसून राहिले. रिकाम्या हेडफोनमधून मुंगीच्या लग्नासारखी वाजंत्री ऐकू येत होती. त्या घरात तेवढाच आवाज होता.

रविवारी जेवणं झाल्यावर मी गेलो. गोठोस्कर हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते, फासासारखा.

"हसू गेलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ती खी. ती रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच. माझ्या पॉटची खरखर होती. नवा पॉट टाकला आणि गेली. आता सगळं स्वच्छ ऐकू येतं. आणि त्यात काही नाही, पुणेकर. काहीच नाही. कुणी हसलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. मग ती बाई खोटं बोलते का? नवरा मेलेली बाई कशाला खोटं बोलेल?" त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "तुम्ही सांगा. मला उद्या सकाळी पोरीला पाठवायचंय."

आवाज खरोखर स्वच्छ होता. इतका, की विट्याला त्या घरात घड्याळ टिकटिकत होतं ते मला ऐकू आलं. नवऱ्याच्या नावातल्या एका अक्षराच्या चुकीवरून बाईंचा क्लेम अडला होता. त्या बोलता बोलता रडू लागल्या. मग शकुनचा आवाज आला, भरून आलेला:

"काकू, तुम्ही रडू नका. मी तुमच्यासाठी मनापासून चेष्टा करीन."

पलीकडे रडणं थांबलं.

"आजपासूनच करीन, काकू. आमचे साहेबपण चेष्टा करतील. आम्ही सगळे मिळून शेवटपर्यंत चेष्टा करू."

बराच वेळ नुसतं घड्याळ वाजलं. मग बाई फार हळू म्हणाल्या, "करा बाई, करा. तुमचंच राज्य हाय."

आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मी हेडफोन काढला. तिघं माझ्याकडे बघत होती.

"काही ऐकू आलं का?" गोठोस्करांनी विचारलं. "ती तर शेवटी 'करा' म्हणते. आशीर्वादच दिला की."

"गोठोस्कर," मी म्हटलं, "चेष्टा म्हणजे काय?"

"चेष्टा म्हणजे चेष्टा. खटपट. माणूस जी करतो ती."

"ती बंगालीत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. टिंगल."

शकुनने तोंडावर हात ठेवला. तिने ती वाक्यं मनात एकदा पुन्हा म्हणून पाहिली असावीत, कारण तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"नाही," गोठोस्कर म्हणाले. "माझे वडील म्हणत. परीक्षेला बसताना म्हणत, 'मन्या, चेष्टा कर.'"

"म्हणत असतील."

"आजोबांनी तर..." ते थांबले. आणि मला एकाएकी आठवलं की या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा करत आलो, आणि दर वेळी शेवटी म्हणत आलो, 'रागावू नका, मी चेष्टा करत होतो हो.' त्यावर ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, 'करत राहा. जमेल.' ते मोठ्या मनाचं उत्तर नव्हतं. ते धीर देत होते.

"म्हणजे आम्ही मराठी बोलत नव्हतो," ते म्हणाले.

"बोलत होता हो. एका शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"एकच कशावरून?" त्यांनी माझं मनगट धरलं. "राग म्हणजे राग ना?"

"राग बरोबर आहे."

"संसार?"

"तोही बरोबर."

"शिक्षा?"

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो. तेवढ्याने त्यांना कळलं.

"मंडळात माझ्या साठीच्या समारंभात मी म्हणालो होतो," ते हळू म्हणाले, "की आईवडिलांनी आम्हाला फार चांगली शिक्षा दिली."

"ते सगळ्यांना पटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "भांडी घासून घासून."

शकुनच तेवढी भानावर होती. तिने कागद ओढला आणि उत्तर लिहिलं. हा शब्द आमच्या घरात प्रयत्न या अर्थाने वापरतात, मी कलकत्त्यात जन्मले, मला दुसरा अर्थ माहीत नव्हता, मी काकूंची माफी मागते. मी मराठी तपासली. बदलायला काही नव्हतं. सोमवारी सकाळी ती ते घेऊन न्यू टाउनला गेली, आणि मला वाटलं, प्रकरण मिटलं.

मिटलंच होतं. फक्त गोठोस्करांना स्वस्थ बसवत नव्हतं.

दुपारी मी सहज डोकावलो तर दार वहिनींनी उघडलं, ओठांवर बोट ठेवून. "भावजी, यांनी त्या बाईंना फोन लावलाय."

"कोणत्या बाईंना? नंबर कुठला?"

वहिनींनी टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बाईंनी आपला मोबाइल नंबर सांगितला होता. पाठवताना कंपनीने त्यावर टूं असा आवाज घातला होता, पण घालणाऱ्याने तो बाईंच्या आवाजावर नुसता पसरला होता, चादरीसारखा. जुन्या डब्यात चादरच ऐकू येई. नव्या चिपमधून चादरीखालचे आकडे ऐकू आले. एक जोडी सदुसष्ट की अडुसष्ट ते नीट कळेना, म्हणून गोठोस्करांनी आधी अडुसष्ट लावून पाहिला आणि बार्शीच्या एका ट्रॅक्टरवाल्याची माफी मागितली. दुसऱ्या फोनला आशाबाई मिळाल्या.

मी आत गेलो. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू. गोठोस्कर त्याच्यापुढे उभे होते, हात जोडून. फोनला दिसत नव्हतं, तरी.

"...म्हणून बाई, ती टिंगल नव्हती. आमच्याकडे चे... त्या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा होतो."

"तुमच्याकडं म्हंजे कुठं?"

"कलकत्त्याला."

"आगं बया. मग तुम्ही मराठी कसं?"

"तीन पिढ्या इथेच आहोत. आजोबा आले."

"आनि परत कुनी न्यायला आलं न्हाई?"

"नाही," ते म्हणाले.

मग बाईंनी विचारलं, "प्रयत्नाला चेष्टा म्हनता, तर मग चेष्टेला काय म्हनता?"

"ठट्टा," गोठोस्कर घाबरत म्हणाले.

"बरं झालं, तेवढी तरी ठेवलीसा." आणि बाई हसल्या. ते हसू मध्येच तुटलं. "आमचं मालक लई चेष्टेखोर होतं. ते असतं तर तुमच्या पोरीला परत फोन लावून म्हनलं असतं, बाई, अजून थोडी चेष्टा करा, आमचं काम हुईल. मला काय तेवढं सुचलं न्हाई. मी आपली रडत बसले. दिलीपला सांगितलं, माझ्या पोराला, तर त्यानं रागानं तक्रार टाकली."

"आमची चूक आहे, बाई. पोरीची नोकरी..."

"नोकरीबिकरी काय जायाची न्हाई. सांगते दिलीपला. पोरगी चांगली हाय तुमची. रडत होती माझ्यासंगं, मला कळलं हुतं ते. म्हनून तर जास्त लागलं."

फोन ठेवल्यावर गोठोस्कर खाली बसले आणि रडले. माणसं मुलगी सासरी जाताना रडतात तसे, मोकळे. वहिनींनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. "पाणी..." ते म्हणाले, माझ्याकडे पाहून अडखळले, आणि म्हणाले, "पितो."

संध्याकाळी शकुन हसत घरी आली. तिच्या साहेबांनी, ते बंगाली, उत्तर तिच्याकडून बंगालीत दोनदा ऐकलं आणि विचारलं होतं की चेष्टा म्हणजे चेष्टा, यात तक्रार कसली. समजावल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले होते. विमा कंपनीला मी कळवतो, म्हणाले, बुधवारपासून ये.

"म्हणजे मी चेष्टा करतो असं म्हणाले ते," शकुन म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

"माझी तर करूनही झाली," गोठोस्कर म्हणाले. "बाईंशी बोललो. त्या तक्रार मागे घेतायत."

शकुनचं हसू जागेवर राहिलं, पण त्यातून ती निघून गेली. "बाबा, नंबर कुठून मिळाला?"

"तो टूंच्या खालून ऐकू येतो. नव्या चिपमुळे. जुन्या चिपला..."

"बाबा, तो झाकलेला होता."

"नीट झाकला नव्हता ग."

"ग्राहकाचा नंबर घरी कुणाला कळला तर काय होतं माहितीये?"

गोठोस्करांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. "कुणाला कळणार?" वहिनी म्हणाल्या. "त्या बाई काही सांगणार नाहीत. किती चांगल्या बोलल्या."

बाई खरोखरच चांगल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी मुलाला सगळं सांगितलं, आणि मुलगाही आईवर गेला होता. त्याने विमा कंपनीला सविस्तर मेल लिहिला. गैरसमज झाला, मुलीचा दोष नाही, तक्रार मागे घेतो. एवढ्यावर थांबला असता तर तो माझ्या या लेखात आला नसता. पण त्याला राहवलं नाही. त्याने पुढे लिहिलं की आजकाल इतकी सज्जन माणसं भेटत नाहीत. त्या मुलीच्या वडिलांनी स्वतः कलकत्त्याहून आईच्या मोबाइलवर फोन करून माफी मागितली. अशा घरातल्या मुलीला कंपनीने बढती द्यावी.

तो मेल मंगळवारी न्यू टाउनला पोचला. बुधवारी शकुन कामावर गेली तेव्हा फाटकावरच्या यंत्राने तिचं ओळखपत्र घेतलं नाही. साहेब खाली आले. ते म्हणाले की माझ्या हातात असतं तर मी प्रयत्न केला असता, पण ग्राहकाचा नंबर घरी पोचला म्हणून हे वरून आलंय. ही गोष्ट ते बंगालीत म्हणाले, आणि त्यात तोच शब्द होता.

गोठोस्कर त्यानंतर दोनदा त्या इमारतीत जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की नंबर मुलीने दिला नाही, मी ऐकला. सुरक्षारक्षकाने कुठे ऐकला ते विचारलं. दुसऱ्यांदा ते बिस्किटाचा डबा पिशवीत घालून घेऊन गेले, हेडफोनसकट, की ज्याला शंका असेल त्याने स्वतः टूंच्या खालून ऐकून खात्री करावी. डबा उघडल्यावर आत वायरी, पट्टी आणि मोठमोठे गोल कपॅसिटर दिसले. रक्षकांनी त्यांना आवाराच्या पार बाहेर, रस्त्यापलीकडे उभं केलं आणि पोलिसांना बोलावलं. मला फोन आला म्हणून मी गेलो. ते उन्हात उभे होते, आणि एका हवालदाराला कपॅसिटर पिकतो म्हणजे काय ते समजावून सांगत होते. हवालदार सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"यात बॉम्ब नाही ना?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "यात एक नंबर आहे."

परतीच्या बसमध्ये गोठोस्कर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं, त्यांना हसवायचं होतं. एरवी माझ्या तोंडाला खीळ नसते. त्या दिवशी जो शब्द जिभेवर येई तो आधी तपासून पाहावा लागे, हा त्यांच्याकडे काय होऊन पोचेल म्हणून. शेवटी तेच बोलले.

"ती पहिली चिप घेतली असती," ते म्हणाले, "नकली, तर बरं झालं असतं."

मराठीची ती खुर्ची महिनाअखेरीस नाशिकला गेली. आशाबाईंचा क्लेम मंजूर झाला की नाही ते आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि त्यांना फोन करायची कुणाची छाती नाही. शकुन सध्या सियालदहजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर रक्ताचे रिपोर्ट देते. तिथे मराठीचं काही काम पडत नाही.